ग्वाल्हेरचा मेळा आणि त्यात मागे पडलेला पशुबाजार

लष्करकर :

डिसेंबर सरत आला की रेसकोर्स मार्गावरच्या मैदानात पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहू लागतात आणि शहराच्या लष्कर, मुरार, थाटीपूर या भागांतल्या घराघरांत मेळा कधी लागणार याची चौकशी सुरू होते. अलीकडे हा मेळा बाहेरगावी ओळखला जातो तो मोटारींवर मिळणाऱ्या करसवलतीमुळे. वृत्तपत्रांतल्या बातम्याही बहुतेक गाड्यांच्या विक्रीच्याच असतात. मेळ्याची सुरुवात मात्र गुराढोरांच्या बाजारापासून झाली आणि शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून झाली, ही गोष्ट आपल्या शहरातल्या नव्या पिढीला, अगदी मराठी घरांतल्या मुलांनाही, फारशी ठाऊक नसते. तो इतिहास एका ठिकाणी यावा आणि आज मेळ्यात काय पाहण्यासारखे आहे यावर जाणकारांनी भर घालावी, म्हणून हा धागा सुरू करत आहे.

मेळा 1905 साली माधवराव महाराज शिंदे यांनी सुरू केला. माधवरावांचा जन्म 1876 चा. दहाव्या वर्षी ते गादीवर आले, 1894 मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि 1925 मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. अधिकार हाती आल्यानंतरच्या तीस-एकतीस वर्षांत त्यांनी जी कामे केली, त्यांच्या ओळीत ठेवून पाहिले तरच या मेळ्याचा अर्थ नीट लागतो. दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ग्वाल्हेर लाइट रेल्वे भिंड आणि शिवपुरीकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धावू लागली आणि 1909 मध्ये श्योपूरला पोहोचली. व्यापाऱ्यांची संघटना असलेले चेंबर ऑफ कॉमर्स 1906 मध्ये स्थापन झाले, म्हणजे मेळ्याच्या पुढच्याच वर्षी. सांक नदीवर तिघऱ्याचे धरण 1916 मध्ये बांधून झाले. ते 1917 च्या पुरात फुटले आणि पुन्हा उभारले गेले. पाणी, वाहतूक, व्यापाऱ्यांची संघटना आणि बाजार या चारही गोष्टी एकाच राज्यकर्त्याने जवळजवळ एकाच काळात हाती घेतल्या होत्या, आणि मेळा हा त्यांतला बाजाराचा भाग होता.

त्याच्या आधीची काही वर्षेही लक्षात घ्यायला हवीत. 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला विक्रम संवत 1956 वरून छप्पनिया म्हणतात, त्याने राजपुताना, गुजरात आणि मध्य भारत होरपळून काढला. त्या दुष्काळात माणसांइतकीच जनावरेही चाऱ्यावाचून मेली. नांगराला जुंपायला बैल नाही, अशी ज्या शेतकऱ्याची अवस्था असते, त्याला चांगल्या जातीचे, पारखून घेतलेले जनावर खात्रीच्या ठिकाणी मिळणे ही चैन नसते. तो त्याच्या पुढच्या हंगामाचा प्रश्न असतो. माधवरावांनी पशुमेळा भरवला तेव्हा हा दुष्काळ पाच वर्षांमागचा होता, हे मी म्हणूनच महत्त्वाचे मानतो.

पहिली जागा सागरताल. जनावरांच्या बाजाराला सर्वांत आधी पाणी लागते. दुभती म्हैस दिवसाकाठी पन्नास लिटरच्या आसपास पाणी सहज पिते, तेव्हा शेकडो जनावरे उतरवायची तर तळ्याकाठाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. पुढे मेळा वाढला, धान्य, कापड, भांडी, लाकूडकाम यांची दुकाने त्याला जोडली गेली आणि तो रेसकोर्स मार्गावरच्या सध्याच्या मैदानात आला. हे मैदान 104 एकरांचे आहे. रेल्वे स्थानकापासून ते जवळ पडते, आणि तिथे पक्क्या दुकानांच्या रांगा, छत्र्या, रंगमंच अशी कायमची बांधकामे आहेत. संस्थान गेले तरी मेळा बंद पडला नाही. 1984 मध्ये त्याला राज्यस्तरीय व्यापार मेळ्याचा दर्जा मिळाला, 1996 च्या अधिनियमाने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले आणि आज तो श्रीमंत माधवराव सिंधिया ग्वाल्हेर व्यापार मेळा या नावाने भरतो. ज्यांच्यावरून हे नाव आले, ते 2001 मध्ये विमान अपघातात गेलेले माजी केंद्रीय मंत्री माधवराव. मेळा सुरू करणारे माधवराव त्यांचे आजोबा. नावसाधर्म्यामुळे अनेकांचा इथे घोटाळा होतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता मला जे प्रामुख्याने मांडायचे आहे ते. आपल्याकडचे बहुतेक मोठे पशुबाजार एखाद्या देवस्थानाच्या यात्रेला लागून वाढले. पुष्करला कार्तिकी पौर्णिमेचे स्नान आहे, चंबळेपलीकडे आग्रा जिल्ह्यात बटेश्वरला यमुनाकाठची शिवमंदिरे आहेत, बिहारमध्ये सोनपूरला हरिहरनाथ आहे. ग्वाल्हेरचा मेळा मात्र कोणत्याही दैवताच्या यात्रेतून निघालेला नाही. तो एका राज्याने, प्रजेच्या शेतीसाठी, ठरवून उभा केला. तिथे यात्रेकरू येणारच आहेत म्हणून बैलवाला येत नव्हता. बैलवाला यावा म्हणूनच मेळा होता. त्यामुळे मेळ्यातून पशुबाजार कमी होत जाणे, म्हणजे मेळ्याच्या मूळ कारणालाच हळूहळू बाजूला सारणे होय. पशुमेळा आजही भरतो, नाही असे नाही. परंतु मोटारींचे विभाग, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दालने आणि पाळणे यांच्या मानाने तो कोपऱ्यात आहे. मेळ्याला दरवर्षी जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

यामागची कारणे मला कळतात. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशाची संख्या 19 कोटी 25 लाखांच्या घरात होती. तिच्यात गायी 2012 च्या तुलनेत 18 टक्क्यांनी वाढल्या होत्या आणि नर जनावरे मात्र मोठ्या प्रमाणात घटली होती. ट्रॅक्टर आला, बैल गेला. भिंड-मुरैन्याच्या मोहरीच्या शेतात आज बैलाचा नांगर क्वचितच दिसेल. पण बैल गेला म्हणून पशुधन गेले असे होत नाही. दूध आहे, शेळी आहे, घोडा आहे, आणि याच मुलखातल्या काही जाती अशा आहेत की त्यांना बाजार मिळाला नाही तर त्या टिकणार नाहीत. मेळ्याने त्यांना पुन्हा पुढची जागा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यावर सगळ्यांनी लिहावे.

दौलतगंज :

लष्करकर काका, इतिहास वाचून समाधान वाटले. मी मेळ्याच्या घरगुती बाजूविषयी लिहिते, कारण आमच्यासारख्या घरांत मेळ्याचे नाते पौष-माघाशी जोडलेले आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते आणि मेळा नेमका त्याच दिवसांत भरात असतो. त्यामुळे लुटायचे वाण मेळ्यातून आणायचे, ही लष्करातल्या अनेक मराठी घरांची जुनी सवय आहे. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या, खुर्ज्याच्या चिनी मातीच्या वाट्या आणि बरण्या, मुरादाबादची पितळी निरांजने, सहारनपूरच्या कोरीव लाकडी डब्या, हे सगळे एका फेरीत आणि घाऊक भावाच्या जवळपास मिळते. खुर्ज्याच्या दुकानात भांडे घेताना ते बोटांच्या टोकांवर तोलून धरावे आणि दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर ठीक, भदभद आवाज आला तर कुठेतरी केसासारखी बारीक भेग असते आणि गरम आमटी ओतताच ते उकलते. माझ्या सासूबाई प्रत्येक वाटी अशी वाजवून घेत, आणि दुकानदारही त्यांना कधी घाई करत नसत.

शिल्पबाजार चुकवू नये. ग्वाल्हेरच्या हाताने विणलेल्या गालिच्यांना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही आपल्या शहरासाठी मोठी गोष्ट आहे. गालिचा घ्यायचा असेल तर तो उलटा करून मागची बाजू पाहावी. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट उमटलेली असते. यंत्राने खोवलेल्या स्वस्त गालिच्याला मागे कापडाचे अस्तर चिकटवलेले असते.

खाण्याविषयी थोडे. मेळ्याची सॉफ्टी, म्हणजे मऊ आइस्क्रीम, कडाक्याच्या थंडीतही रांग लावून खाल्ली जाते, आणि हे बाहेरच्या पाहुण्यांना समजावून सांगणे कठीण जाते. पराती एवढा मोठा पापड, वर तिखट मसाला भुरभुरलेला, हातात धरून चालत खायचा. खजला हा पदरापदरांचा, फुगीर आणि हलका तळलेला पदार्थ मेळ्याबाहेर शहरात सहसा दिसत नाही, म्हणून घरी नेण्यासाठी तोच बांधून घ्यावा. मुरैन्याच्या गजकेलाही 2023 मध्येच मानांकन मिळाले. तीळ आणि गुळाचा पाक एकत्र कुटून, पुन्हा पुन्हा घडी घालून ती खुसखुशीत करतात. संक्रांतीला आमच्याकडे तिळाच्या वड्यांच्या ताटात गजकेचा तुकडा असतोच.

गोठा :

मी पशुवैद्यक आहे आणि नोकरीची बहुतेक वर्षे भिंड, मुरैना आणि ग्वाल्हेर या जिल्ह्यांत गेली. धागाकर्त्यांनी "याच मुलखातल्या काही जाती" असा मोघम उल्लेख केला आहे, तो नेमका करतो.

पहिली भदावरी म्हैस. भिंड, आग्रा, इटावा या चंबळ-यमुनेच्या खोऱ्यांतील ही जात. रंग तांब्यासारखा, पाय गव्हाच्या काडाच्या रंगाचे, आणि गळ्याखाली दोन पांढुरके पट्टे, ज्यांना इकडे कंठी म्हणतात. मुऱ्हा म्हशीच्या तुलनेत ती दूध कमी देते, परंतु तिच्या दुधात स्निग्धांश सरासरी 8 टक्क्यांच्या आसपास असतो आणि काही म्हशींत 12 टक्क्यांच्याही वर जातो. शरीर आटोपशीर, खुराक कमी, बेहडातल्या, म्हणजे नदीकाठच्या घळींतल्या, निकृष्ट चाऱ्यावरही तग धरणारी. तूप काढणाऱ्या लहान शेतकऱ्यासाठी हिच्यासारखे जनावर नाही. झाशीच्या भारतीय चारागाह आणि चारा संशोधन संस्थेने भदावरीचा कळप सांभाळून तिच्यावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि झाशी ग्वाल्हेरपासून शंभर किलोमीटरवर आहे.

दुसरी जमुनापारी शेळी. भिंडाला लागून असलेल्या इटावा जिल्ह्यातील चकरनगरचा टापू हे तिचे मूळ घर. लांब लोंबते कान, पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, मांड्यांमागे लांब केसांचा झुपका. दूध आणि मांस दोन्हींसाठी उपयुक्त असल्याने देशात आणि बाहेरही तिचा संकर केला गेला. मात्र शुद्ध जमुनापारीचे कळप मूळ मुलखात विरळ होत चालले आहेत.

आता पशुबाजारात जनावर कसे पाहावे, याबद्दल. वय दातांवरून कळते. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात शाबूत असतील तर जनावर आदत. साधारण दोन ते अडीच वर्षांनी मधली जोडी पडून कायमचे दोन रुंद दात येतात, तो दुसा. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास चौसा, त्यानंतर सहादाती, आणि साडेचारच्या आसपास आठही दात आले की जनावर जुळले असे म्हणतात. म्हशीत हे सगळे जवळपास सहा महिने उशिराने होते. जुळल्यानंतर दातांची झीज पाहून अंदाज बांधावा लागतो, आणि तिथेच फसवणुकीला वाव असतो. शिंगांवरची कडी मोजून वेत, म्हणजे जनावर कितव्यांदा व्यायले ते, ठरवण्याची पद्धत आहे, परंतु शिंगे कानशीने घासून, तेल लावून गुळगुळीत केली की ती कडी दिसेनाशी होतात.

म्हैस घेताना एका वेळची धार पाहून कधीही सौदा करू नये. आदल्या रात्री धार न काढता कास तुंबवून ठेवली की सकाळी दूध भरपूर दिसते. संध्याकाळची, दुसऱ्या दिवशी सकाळची आणि पुन्हा संध्याकाळची अशी सलग धार समोर काढून घ्यावी. चारही सड स्वतः दाबून पाहावेत, पहिल्या चिरकांड्या काळ्या कापडावर किंवा गडद थाळीत घ्याव्यात, म्हणजे दुधात गुठळ्या असतील तर लगेच दिसतात. कासेत एक बाजू कडक आणि गरम लागली तर कासदाह आहे असे समजावे. कानातला पिवळा बिल्ला पाहावा. त्यावर बारा अंकी ओळख क्रमांक असतो आणि त्यावरून लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची नोंद तपासता येते. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाने देशात हाहाकार केल्यापासून ही तपासणी टाळून जनावर एकत्र आणणे मला मुळीच मान्य नाही. पशुबाजार वाढवावा, पण प्रवेशद्वारावर पशुवैद्यक आणि आजारी जनावरांसाठी वेगळे आवार असल्याशिवाय नव्हे.

खटावकर :

आम्ही सातारा जिल्ह्यातले, पण बहीण ग्वाल्हेरला दिली असल्याने मेळा पाहिला आहे. लष्करकरांचा देवस्थानाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, तरी त्याला एक जोड द्यावीशी वाटते.

आमच्याकडे पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा आहे, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार आहे. या यात्रांची तिथी पंचांगाने ठरलेली असल्याने कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता जनावरवाला घरून निघतो. ग्वाल्हेरच्या मेळ्याची तारीख मात्र प्रशासन ठरवते, आणि अनेकदा ती उशिरा जाहीर होते. दीडशे-दोनशे किलोमीटरवरून घोडे किंवा म्हशी घेऊन येणाऱ्याला महिनाभर आधी तारीख पक्की लागते. चारा, वाहन, माणसे यांची तजवीज एका आठवड्यात होत नाही. तेव्हा पशुबाजार मागे पडण्याचे एक कारण केवळ ट्रॅक्टर नसून तारखेची अनिश्चितता हेही असावे.

दुसरे असे की केवळ परंपरा म्हणून जनावर टिकत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आली, तेव्हा खिलार पाळणाऱ्यांना मोठा फटका बसला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठानेही ती कायम ठेवली, आणि जातिवंत खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आले. शर्यती हव्यात की नकोत हा वाद इथे आणत नाही. मुद्दा एवढाच की जनावराला काही उपयोग असेल तरच त्याचा बाजार भरतो. भदावरीला तो उपयोग कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

बीजांकुर :

मी राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयात शिकते. हे विद्यापीठ 2008 मध्ये ग्वाल्हेरला स्थापन झाले, परंतु इथले कृषी महाविद्यालय 1950 पासूनचे आहे. वरील चर्चेत शेतीची दुसरी बाजू राहून गेली आहे असे मला वाटते, म्हणून थोडे वेगळे मत मांडते.

मेळ्यातला शेतकऱ्याचा भाग म्हणजे फक्त पशुबाजार नव्हे. शासकीय विभागांच्या दालनांत कृषी आणि उद्यानविद्या यांची दालने असतात, बियाणे, ठिबक, तुषार सिंचन, पेरणीयंत्रे आणि रोटाव्हेटर पाहता येतात, आणि ट्रॅक्टर तर थेट शर्यतीला उभे केल्यासारखे ओळीने मांडलेले असतात. आमच्या भागाचे मुख्य नगदी पीक मोहरी. मुरैना आणि भिंड हे राज्यातले मोहरीचे आघाडीचे जिल्हे आहेत, आणि शेजारच्या भरतपूरला या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. मेळा भरतो तेव्हा मोहरी फुलोऱ्यात किंवा शेंगा भरण्याच्या अवस्थेत असते. नेमके त्याच दिवसांत मावा या रस शोषणाऱ्या किडीचा प्रादुर्भाव वाढतो. ढगाळ, दमट हवा चार-पाच दिवस टिकली की शेंड्यावर राखाडी-हिरव्या माव्याचे थर बसतात, शेंगा आखडतात, आणि शेतकरी घाबरून मिळेल ते औषध फवारतो, तेही दुपारी, जेव्हा मधमाश्या फुलांवर असतात. मेळ्यात मोहरीचा जिवंत वाफा उभा करून मावा ओळखणे, आर्थिक नुकसानीची पातळी ठरवणे आणि फवारणी संध्याकाळीच का करायची हे दाखवणे, याचा लाभ एखाद्या बैलजोडीच्या प्रदर्शनापेक्षा अधिक शेतकऱ्यांना होईल.

माझे वडील आणि आजोबा दोघांनीही बैलांनी शेती केली. बैल गेल्याचे वाईट आम्हालाही वाटते. परंतु दोन वेळचा चारा, वर्षभराची राखण आणि नांगरणीचे थोडेच दिवस काम, हा हिशेब चार बिघ्यांच्या शेतकऱ्याला परवडेनासा झाला, म्हणून त्याने भाड्याचा ट्रॅक्टर स्वीकारला. त्याच्या निर्णयाचा मान राखूनच मेळ्याची मांडणी व्हावी.

इंदूरकर :

मूळ विषयापासून फार दूर जात नाही, पण एक माहिती हवी होती. आम्ही इंदूरला राहतो. मेळ्यातून गाडी घेतली तर करात निम्मी सवलत मिळते असे ऐकतो. ती बाहेरच्या जिल्ह्यातल्यांनाही मिळते का?

लष्करकर :

इंदूरकर, सवलत मोटार वाहन कराच्या 50 टक्के इतकी असते, परंतु ती आपोआप लागू होत नाही. राज्य शासन त्या त्या वर्षी अधिसूचना काढते, आणि ती निघेपर्यंत विक्रेते व गिऱ्हाईक दोघेही थांबून राहतात. मेळ्यातून घेतलेल्या वाहनाची कायमस्वरूपी नोंदणी ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयात करावी लागते, आणि बाहेरच्या विक्रेत्याला इथले व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन मेळ्यात प्रत्यक्ष दुकान मांडावे लागते. तुम्हाला उज्जैन जवळ पडेल. तिथल्या विक्रम व्यापार मेळ्यालाही 2024 पासून अशी सवलत दिली गेली आहे. वाहनविक्रीमुळे मेळ्याची उलाढाल वाढते, त्यातून मैदानाची व्यवस्था चालते, हे मला मान्य आहे. या विभागाला माझा विरोध नाही.

सूरसाथी :

संध्याकाळच्या कार्यक्रमांचा उल्लेख कोणी केला नाही. मेळ्यातल्या रंगमंचांवर कविसंमेलन, मुशायरा, कव्वाली आणि स्थानिक शाळा-महाविद्यालयांचे कार्यक्रम होतात, आणि कुस्तीचे दंगलही भरते. ज्या शहरात माधवराव महाराजांच्याच आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्या शहराच्या मेळ्यात ख्यालगायनाची निदान एक पूर्ण रात्र असावी, अशी माझी जुनी इच्छा आहे. तानसेन समारोह डिसेंबरातच होतो, त्यामुळे अनेक कलावंत त्या सुमारास शहरात येऊन गेलेले असतात. याहून अधिक लिहिले तर विषय भरकटेल.

लष्करकर :

सर्वांचे प्रतिसाद नीट वाचले.

बीजांकुर, मोहरीच्या वाफ्याची कल्पना मला मनापासून पटली. मात्र ती पशुबाजाराच्या ऐवजी नको, त्याच्या शेजारी हवी. जो शेतकरी मावा पाहायला येईल तोच म्हैस पाहायलाही येईल, कारण भिंड-मुरैन्यात मोहरी आणि म्हैस एकाच घरी असतात. मोहरीची पेंड म्हशीच्या आंबोणात जाते, म्हशीचे शेण शेतात जाते. दोन्ही विभाग मैदानाच्या दोन टोकांना ठेवण्यात काहीच अर्थ नाही. बैलाविषयी तुम्ही केलेला हिशेब खरा आहे, आणि त्याच हिशेबाने माझा भर बैलावरून दुभत्या जनावरांवर आहे.

खटावकर, भदावरीला उपयोग कोण देणार या प्रश्नाचे उत्तर मला तुपात दिसते. तिच्या दुधाचा भाव लिटरवर ठरला तर ती मुऱ्हापुढे कायम हरणार. स्निग्धांशावर ठरला तर चित्र पालटते. मेळ्यातल्या दुग्धस्पर्धेत आजवर अधिक लिटर देणाऱ्या जनावराला मान मिळत आला, त्यामुळे स्पर्धेला येणारा पशुपालक मुऱ्हाच घेऊन येणार हे उघड आहे. स्पर्धेत एक वेगळा गट एकूण स्निग्धांशाचा ठेवला, आणि विजेत्या पशुपालकाला त्याच मैदानात तुपाचे दुकान मांडायला जागा दिली, तर चार-पाच वर्षांत बेहडातल्या गावांपर्यंत त्याची बातमी पोहोचेल. लष्करातल्या मराठी घरांत पुरणपोळीवर घालायला रवाळ म्हशीचे तूप शोधणारे कमी नाहीत. गिऱ्हाईक दारातच आहे. तारखेबद्दलचे तुमचे म्हणणे तर मेळा प्राधिकरणाला द्यायच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर घालण्यासारखे आहे. पशुमेळ्याच्या तारखा दसऱ्याच्या सुमारास जाहीर व्हाव्यात आणि पुढे काहीही झाले तरी त्या बदलू नयेत.

ज्यांना यंदा पशुविभाग पाहायचा आहे त्यांनी स्थानिक वृत्तपत्रांत त्याचे दिवस आधी पाहून घ्यावेत, कारण मुख्य मेळा दीड-दोन महिने चालला तरी जनावरे तितके दिवस थांबत नाहीत. सकाळी लवकर जावे. धुके असले तरी धारा तेव्हाच निघतात, आणि सौदेही उन्हे वर येण्यापूर्वीच होतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा, त्या दिवशी पाळण्यांकडच्या गर्दीमुळे गोला का मंदिराच्या बाजूने आत शिरणेही अवघड होते.

आता पुढचे काम. मेळा प्राधिकरणाला देण्यासाठी मी निवेदन लिहायला घेतले आहे. त्यात तारखांची आगाऊ घोषणा, पशुविभाग आणि कृषी दालने शेजारी-शेजारी, प्रवेशद्वारावर पशुवैद्यकीय तपासणी व वेगळे आवार, आणि भदावरी व जमुनापारीसाठी स्वतंत्र स्पर्धा, एवढ्याच मागण्या ठेवत आहे. दौलतगंज ताई, शिल्पबाजाराविषयी काही सुचवायचे असेल तर जरूर लिहा. गोठा, आपल्याला विनंती अशी की स्निग्धांशाच्या स्पर्धेचे नियम कसे असावेत, नमुना कधी आणि कोणासमोर घ्यावा, किती वेताच्या म्हशी पात्र ठरवाव्यात, याचा मसुदा इथेच टाकावा. तो हाती आला की निवेदन पूर्ण करून या धाग्यावर ठेवतो, आणि ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवावे.

गोठा :

मसुदा या आठवड्यात टाकतो. तूर्त दोन गोष्टी नक्की धराव्यात. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सर्व म्हशींची कास पंचांसमोर पूर्ण रिकामी करून घ्यावी, आणि त्यानंतरच्या सलग चोवीस तासांतील प्रत्येक धारेचे वजन व नमुना वेगवेगळा नोंदवावा, कारण धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ आणि शेवटचे दाट असते. अर्धवट धारेचा नमुना घेतला तर निकाल चुकतो. पात्रतेसाठी दुसऱ्या ते चौथ्या वेतातल्या, व्यायल्यानंतर किमान दीड महिना झालेल्या म्हशी घ्याव्यात. पहिलारू म्हशींसाठी वेगळा गट ठेवता येईल, मात्र पहिल्या वर्षी तो नसला तरी चालेल.